जागा वाढल्या, मते मात्र घटली

ऑस्ट्रेलियातील राज्य निवडणुकांवरील आपला लेख वाचला. व्हिक्टोरियात २०२२ मध्ये लेबर पक्षाला मिळालेल्या विजयाला त्यात ‘लाट’ म्हटले आहे, ते पटले नाही. ८८ पैकी ५६ जागा म्हणजे २०१८ पेक्षा एक जास्तच; पण पक्षाची पहिल्या पसंतीची मते सुमारे ४३ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांच्या खाली घसरली होती. याला लाट कसे म्हणावे?

हे घडते ते पसंतीक्रमाच्या मतदानामुळे. विधानसभेच्या मतपत्रिकेवर तेथे सर्व उमेदवारांना १, २, ३ असे क्रम द्यावे लागतात. कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते पुढच्या पसंतीकडे जातात. मेलबर्नमध्ये राहत असल्याने हे जवळून पाहतो. माझ्या ओळखीतले कित्येक जण आधी ग्रीन्स या छोट्या पर्यावरणवादी पक्षाला किंवा अपक्षाला क्रमांक देतात, मग लेबरला. नाराजी नोंदवली जाते आणि मतही वाया जात नाही. शिवाय मतदान सक्तीचे, त्यामुळे रुसलेला मतदार सहसा घरी बसत नाही.

भारतात सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो, म्हणून जागांवरूनच कौल वाचण्याची आपल्याला सवय आहे. तीच फूटपट्टी व्हिक्टोरियाला लावली, की लेबर आणि लिबरल-नॅशनल आघाडी या दोन्ही मोठ्या पक्षांपासून दुरावत चाललेला मतदार दिसतच नाही. यापुढे अशा निकालांसोबत पहिल्या पसंतीच्या मतांची टक्केवारीही छापावी, ही विनंती.

– एक वाचक, मेलबर्न