पाटी शिसवाची, आतून प्लाय

संपादक महोदय,

परीक्षा संपल्या की पुण्यात लक्ष्मी रस्त्यापासून कॅम्पापर्यंत वाद्यांच्या दुकानांत लहान गिटारची चौकशी सुरू होते. मुलाच्या हातात मोठी गिटार मावत नाही, म्हणून लहान घ्यायची, इथवर पालकांचं बरोबरच असतं. पुढे विक्रेता गिटार उलटी करतो, पाठीवर थाप मारतो आणि ‘रोझवूड आहे साहेब’ (म्हणजे शिसव) म्हणतो. मग सौदा ठरतो. आवाजाशी ज्या लाकडाचा संबंध सगळ्यात कमी, त्याच लाकडाच्या नावावर गिटार विकली जाते. त्यासाठी हे पत्र.

सतार किंवा तानपुरा जवळून पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. मिरजेचा कारागीर भोपळा निवडून घेतोच, पण वाद्य बोलतं ते तबलीमुळे, हे तो जाणतो. गिटारची तबली म्हणजे पुढची फळी. गिटारवाले तिला टॉप म्हणतात. तारेचा कंप ब्रिजमधून, म्हणजे तारा जिथे टॉपला धरलेल्या असतात त्या पट्टीतून, टॉपमध्ये उतरतो आणि टॉप हवा हलवतो. त्यासाठी फळी एकाच वेळी ताठ आणि हलकी लागते, आणि असं लाकूड फार थोडं मिळतं. स्प्रूस, थंड प्रदेशातल्या सूचिपर्णी झाडाचं लाकूड, त्यातलं पहिलं. सिट्का जातीचा स्प्रूस घनमीटरला साधारण ४०० ते ४३० किलो भरतो, शिसव ८०० च्या वर जातं. म्हणजे वजन निम्मं, आणि तरीही स्प्रूसमध्ये रेषांच्या दिशेने ध्वनी सेकंदाला पाच हजार मीटरहून जास्त वेगाने पळतो. शिसवाचा टॉप सहसा कुणी करत नाही तो याच कारणाने.

गिटारच्या लहान पेटीत, म्हणजे पोकळ अंगात, हे गणित आणखी काटेकोर होतं. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्झचा. मोठ्या ड्रेडनॉट गिटारच्या पेटीतली हवा १०० हर्ट्झच्या आसपास घुमते, लहान पेटीची त्याहून वर. त्यामुळे लहान गिटारमध्ये खर्जाचा मूळ सूर क्षीणच निघतो आणि त्याच्यासोबत उमटणाऱ्या वरच्या स्वरांशांवरून कान तो भरून काढतो. कुठलंही लाकूड लावा, लहान पेटीतून ड्रेडनॉटचा खर्ज निघणार नाही. तसा दावा कुणी केला तर हसून पुढच्या दुकानात जावं. लहान गिटारचं बळ मधल्या सप्तकात आहे. बोटांनी छेडलेला प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतो, आणि गाण्याला साथ करताना ती आवाजावर कुरघोडी करत नाही.

मधलं सप्तक खुलायचं तर टॉप पातळ हवा. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. अडीच मिलिमीटरची फळी तीनची केली की ती वीस टक्के नव्हे, पाऊणपट जास्त ताठ होते. त्यात लहान गिटारची रुंदीच कमी, म्हणून तीच फळी तिथे मुळातच जास्त ताठ वागते. मोठ्या गिटारला २.८ मिलिमीटरचा स्प्रूस शोभतो, लहान पेटीला २.३ ते २.५ पुरतो. स्वस्त लहान गिटारमध्ये नेमकं उलट होतं. मोठ्या गिटारचंच तीन मिलिमीटरचं प्लाय कापून बसवतात, खाली आधाराच्या जाड पट्ट्या, वर पॉलिएस्टरचा चकचकीत थर. प्लायचा मधला थर वजन वाढवतो, पण त्याच्या रेषा आडव्या असल्याने लांबीच्या दिशेचा ताठपणा त्या मानाने मिळत नाही. मग खोक्यावर वाजवल्यासारखा, पत्र्याच्या डब्याचा आवाज येतो आणि घरचे समजतात, मुलाचाच हात बसलेला नाही.

अखंड टॉप ओळखायला विशेष विद्या लागत नाही. साउंडहोलच्या, म्हणजे टॉपमधल्या भोकाच्या, कडेला मोबाइलचा दिवा धरावा. वरच्या रेषा वळून जाडीतून सरळ खाली उतरताना दिसल्या तर फळी अखंड. सँडविचसारखे थर दिसले तर प्लाय. कड काळ्या रंगाने माखलेली असेल तर संशय घ्यायला जागा आहे. पाठीसाठी बाहेरची एखादी ठळक रेष लक्षात ठेवून ती आतल्या बाजूला त्याच जागी सापडते का ते पाहावं. मग तारा तळहाताने दाबून ब्रिजजवळ बोटाच्या पेराने टिचकी मारावी. चांगला टॉप ‘ढुम्’ असा सुरात उत्तर देतो, जाड प्लाय नुसतं ‘टक्’ करतं.

लाकडांची निवड आता सोपी होते. जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याने, म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडणाऱ्याने, सिट्का घ्यावा, तो जोर सोसतो आणि आवाज फाटत नाही. हलक्या बोटाने वाजवणाऱ्याला एंगलमन स्प्रूस किंवा सीडर बरा. सीडर आणखी हलका, घनमीटरला साधारण ३५० ते ३७०. हळू छेडलं तरी तो लगेच बोलतो, पण जोर लावला की आवाज दबतो, आणि नख लागलं तरी खाचा पडतात. (हा वेस्टर्न रेड सीडर उत्तर अमेरिकेचा. आपल्या हिमालयातल्या देवदाराशी त्याचं नातं नावापुरतंच.) महोगनीचा टॉप जड, म्हणून प्रतिसाद सावकाश आणि वरचे स्वरांश कमी. मोठ्या गिटारमध्ये हा दोष वाटेल, पण लहान गिटारच्या अंगची किणकिण तो झाकतो आणि आवाज गोल करतो. लहान पेटीला अखंड महोगनी टॉप शोभतो, हे आमचं मत. महोगनी, सापेली आणि सतार-तानपुऱ्याला वापरला जाणारा आपला तून, तिघे कडुनिंबाच्याच कुळातले. त्यामुळे हे लाकूड आपल्याला अगदीच परकं नाही.

राहिली पाठ. आंतोनिओ दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने १८६२ मध्ये पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या करून वर स्प्रूसचा टॉप बसवला, तो आवाज टॉपचा असतो हे दाखवायलाच. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश अभ्यासात एकाच कारागिराच्या, फक्त पाठी-बाजूंचं लाकूड वेगळं असलेल्या सहा गिटारी बावन्न वादकांना लाकूड दिसणार नाही अशा रीतीने वाजवायला दिल्या होत्या. लाकडावरून त्यांना फारसा भेद करता आला नाही. पाठीचा परिणाम शून्य असतो असं नाही, पण टॉप, त्याची जाडी व खालच्या पट्ट्या, मग तारा, आणि त्यानंतर पाठ, असा क्रम लागतो. रोझवूडचा रुबाब आला कुठून? अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये ब्राझिलियन रोझवूड सोडून भारतीय रोझवूड घेतलं, ते आपलंच शिसव, सह्याद्रीच्या जंगलांतलं. दुकानात मात्र उत्तरेकडचं शिसम आणि हे शिसव सर्रास एक मानतात, आणि स्वस्त गिटारवर बहुधा दोन्ही नसतात. असतो तो रंग किंवा कागदासारखा पातळ पापुद्रा.

तारांचीही गल्लत होते. ‘अडतीस इंची’ हे माप एकूण लांबीचं आहे. वाजणारी लांबी, म्हणजे स्केल, कळायला नटपासून (मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) मोजून दुप्पट करावं. २५.५ इंचांऐवजी स्केल २३ असेल तर त्याच तारांचा, त्याच सुरातला ताण जवळपास एक पंचमांश कमी होतो. म्हणून आखूड गिटारला दहाच्या बारीक तारा (सर्वांत बारीक तार इंचाच्या दहा सहस्रांश जाडीची) लावल्या की टॉप हलतच नाही, आवाज पचपचीत होतो. टॉप अखंड असेल तर बाराचा संच लावावा, ताण कमी असल्याने बोटांना तो अकरासारखा वाटतो. नायलॉनच्या तारांसाठी केलेल्या गिटारला मात्र स्टीलच्या तारा कधीही लावू नयेत. तिचा ब्रिज सुमारे चाळीस किलोंचा ताण धरून केलेला असतो, स्टीलचा संच सत्तर किलोंच्या आसपास ओढतो. काही आठवड्यांत ब्रिज उचकटतो, सोबत टॉपचा तुकडाही घेऊन येतो.

आणि आता पुण्याची हवा. एप्रिलच्या दुपारी इथली आर्द्रता वीस टक्क्यांपर्यंत उतरते, जुलै-ऑगस्टमध्ये ऐंशीच्या वर जाते. अखंड लाकडाला ४५ ते ५५ मानवते. स्प्रूसमधल्या ओलाव्यात एक टक्क्याचा फरक पडला तर पस्तीस सेंटिमीटर रुंदीची फळी साधारण अर्धा मिलिमीटर हलते. लहान गिटार अरुंद असल्याने थोडी कमी हलते, तेवढंच समाधान. उन्हाळ्यात टॉप खाली बसतो, फ्रेटची टोकं बोटाला टोचतात, तार फ्रेटला घासते आणि ब्रिजपासून खाली रेषेत चीर पडते. पावसाळ्यात ब्रिजमागे पोट येतं, बाराव्या फ्रेटवर तारेची उंची वाढते आणि आवाज जड होतो. तेव्हा लोक सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी, घासून आणतात, आणि मार्चमध्ये सगळ्या तारा खरखरतात. सॅडल दोन ठेवाव्यात, उन्हाळ्याची जरा उंच, पावसाळ्याची कमी. ट्रस रॉड, म्हणजे मानेतली धातूची सळई, मानेचा बाक काढतो, टॉपचं पोट नाही, त्यामुळे त्याला पिळत बसू नये. केसमध्ये एक छोटा आर्द्रतामापक, मार्च ते मे ओल्या स्पंजची भोकं पाडलेली डबी, जून ते सप्टेंबर सिलिका जेल, एवढं पुरतं. बंद गाडीत किंवा पोटमाळ्यावर गिटार ठेवू नये, सरस मऊ होतो.

हे सांभाळणं जमणार नसेल, तर अखंड लाकडाचा हट्ट नको. दाबून तयार केलेल्या लॅमिनेटच्या प्रवासी गिटारचा आवाज मध्यमच, पण तिला पुण्याचे तिन्ही ऋतू सोसतात. सांभाळणाऱ्याने अखंड टॉप आणि पाठी-बाजू प्लायच्या, अशी गिटार घ्यावी. पैसे जिथे ऐकू येतात तिथेच पडतात, आणि प्लायची पाठ तडकतही नाही.

विक्रेत्यांकडे मागणी एवढीच, की गिटारला अडकवलेल्या चिठ्ठीवर टॉप अखंड की प्लाय, पाठी-बाजू कशाच्या आणि स्केल किती, हे मराठीत छापावं. ‘रोझवूड फिनिश’ असेल तर ‘फिनिश’ हा शब्दही ‘रोझवूड’एवढ्याच अक्षरांत असावा.

— तंतुवाद्यांची दुरुस्ती करणारे काही वाचक, पुणे