तारखेप्रमाणे एक अध्याय

संपादक महोदय,

बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाचे अध्याय 31. म्हणून तारखेप्रमाणे रोज एक वाचायची सवय अनेक ख्रिस्ती घरांत असते, मलाही आहे. अडचण अशी, की वाचून होते आणि दिवस आपल्याच वळणाने जातो.

परवा धाकट्या भावाचा चिडका मेसेज आला. आईला डॉक्टरांकडे न्यायची पाळी कोणाची, यावरून. मी तीन ओळींचे झणझणीत उत्तर टाइप केले आणि पाठवता पाठवता 26वा अध्याय आठवला. तिथे चौथे वचन म्हणते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस; लगेच पाचवे म्हणते, दे! लहानपणी मला ही छापणाऱ्याची चूक वाटायची. आता वाटते, दोन्ही मुद्दामच शेजारी बसवली आहेत. कधी बोलायचे, कधी गप्प राहायचे, ते ज्याचे त्याने ओळखायचे. (भावाला मूर्ख ठरवायची घाई मलाच झाली होती, ते वेगळे.) 18:13 (अठराव्या अध्यायाचे तेरावे वचन) तर ऐकून घेण्याआधी उत्तर देण्यालाच मूर्खपणा म्हणते. मेसेज पुसला, फोन लावला. बिचाऱ्याची सलग चौथी रात्रपाळी होती.

खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो, हे वचन (11:1) प्रवचनात मी क्वचितच ऐकले. आणि भल्या पहाटे मोठ्याने दिलेला आशीर्वाद शापासमान गणला जातो, हे 27:14 तर कधीच नाही. पहाटे पाचला मंडळीच्या ग्रुपवर फुलांचे फोटो टाकणाऱ्यांना ते कोणीतरी पाठवावे. दुपारी.

– एक वाचक