पोळ्याला घरी येऊ नकोस

महाल, नागपूर

चि. अनिकेत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या वसतिगृहाच्या खोलीतला मित्र तापाने पडला आहे आणि मजल्यावरची आणखी काही मुले खोकत आहेत, हे ऐकल्यापासून मी विचार करते आहे. डॉक्टरांनी फ्लू सांगितला आहे, तेव्हा या वेळी पोळ्याला घरी येऊ नकोस. तुला आज बरे वाटते एवढ्यावरून काही ठरत नाही. संसर्गानंतर लक्षणे दिसायला एक ते चार दिवस लागतात आणि ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच माणूस इतरांना रोग देऊ शकतो. आजीला मधुमेह आहे, तिला फ्लूची लस परवाच टोचून आणली असून लशीचा परिणाम व्हायला सुमारे दोन आठवडे लागतील. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघेल आणि 'रोगराई घेऊन जा गे मारबत' म्हणत आपला सारा महाल रस्त्यावर उतरेल, त्या दाटीतही तू नसावेस असे मला वाटते.

तरुणांना काही होत नाही, असे तू म्हणालास. २००९ साली स्वाइन फ्लूने देशात पहिला बळी घेतला तो पुण्यातल्या एका शाळकरी मुलीचा, हे मी विसरलेले नाही.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गोळी घेऊन वर्गात जाण्याची. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, विषाणू जात नाही. आणि मुले तर ७५ टक्के हजेरीच्या धास्तीने ताप लपवून दाटीवाटीच्या वर्गात, प्रयोगशाळेत आणि मेसच्या रांगेत उभी राहतात. गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप नसेल तेव्हाच आजाऱ्याने खोलीबाहेर पडावे. आजारी मुलाला वर्गात ओढणारा नियम माझ्या मते शिस्तीचा नव्हेच. तुम्ही सर्वांनी मिळून प्राचार्यांना लेखी विनंती करावी, की आजारपणातली हजेरी धरू नये, वसतिगृहात एक खोली आजाऱ्यांसाठी वेगळी ठेवावी आणि त्यांचा डबा मेसमधून तिथेच पोहोचवावा. पालक म्हणून त्या अर्जावर मीही सही करीन.

तोपर्यंत मित्राला एकटे टाकू नकोस, पण त्याच्याजवळ जाताना दोघांनीही मास्क लावा, खाटा लांब ठेवा आणि पाऊस असला तरी खिडकी थोडी उघडी राहू द्या. त्याचा पेला, टॉवेल वापरू नकोस. हात साबणाने किमान २० सेकंद धू, कारण दाराच्या कडीसारख्या कठीण पृष्ठभागावर हा विषाणू एक-दोन दिवस तग धरू शकतो.

तुला ताप आलाच, तर दुकानातून मनाने गोळ्या आणू नकोस. या दिवसांत आपल्याकडे डेंग्यूही असतो आणि त्यात ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घातक ठरू शकते. फ्लूवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. विषाणूवरचे औषध डॉक्टरांनी दिले तर ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालेले अधिक गुणकारी असते. दम लागला, छातीत दुखले किंवा उतरलेला ताप पुन्हा जोराने चढला, तर वॉर्डनना सांगून रात्र असली तरी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात जा आणि लगेच मला फोन कर.

मित्र बरा झाल्यावर चार-पाच दिवस तुला काही झाले नाही, तर महालक्ष्म्यांच्या जेवणाला अवश्य ये. आजीने पुरणपोळीचे आताच बजावून ठेवले आहे.

तुझी,
आई