अभिजात वाचन उपक्रम : पुढचं पुस्तक कळवताना

सर्व सभासदांना नमस्कार. पुढच्या फेरीसाठी निवडलेलं पुस्तक या रविवारपर्यंत गटावर कळवा. पुस्तक, लेखक, पहिल्या प्रकाशनाचं साल आणि तुमच्या हातातली आवृत्ती, एवढं एका संदेशात पुरे.

आवृत्ती मुद्दाम विचारतोय. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास' या 1857च्या काळातल्या प्रवासवर्णनाची चि. वि. वैद्यांनी 1907 साली छापलेली प्रत संपादकाने बऱ्यापैकी बदललेली आहे. भटजींच्या मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये दिला. दोघांनी दोन प्रती वाचल्या की चर्चेत वाक्यंच जुळत नाहीत. शक्यतो पोतदारांचीच घ्या, भाषेची खरी गोडी तिथे आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचंही तसंच: संक्षिप्त प्रत निघालेली आहे, म्हणून 'संपूर्ण' आहे ना, हे मुखपृष्ठाच्या आतलं पान उघडून बघा.

'पण लक्षात कोण घेतो?' घेणाऱ्यांनी दोन महिने धरा. ह. ना. आपट्यांची ही कादंबरी 1890 पासून त्यांच्या 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येत होती. एका बैठकीत शंभर पानं रेटली तर दमछाक होते आणि पुस्तक अर्धवट सुटतं. रोज एक-दोन प्रकरणं बेताची. वेळ कमी असेल तर विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (1939) ही कादंबरी घ्या, छोटी आहे आणि एका आठवड्यात आरामात होते. मात्र बेडेकरांचं लेखन अजून स्वामित्वहक्कात आहे, तेव्हा पीडीएफ गटावर टाकू नका. वाचनालयातून आणा किंवा विकत घ्या.

उतारा देताना पान क्रमांकाऐवजी प्रकरण लिहा, पानं आवृत्तीगणिक बदलतात.