व्हाल्सेच्या आजींना

प्रिय आजी,

बोट सुटताना घाईघाईत 'थँक यू' म्हटलं खरं, पण तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. म्हणून हे माझ्या भाषेत लिहितेय. पुढच्या खेपेला शेजारी बसून वाचून दाखवीन.

त्या ऑक्टोबरात दोन दिवस आग्नेयेचा वारा आणि पाऊस होता. असं हवामान झालं की भरकटलेले पक्षी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर उतरतात, म्हणून मी ॲबरडीनहून रात्रभराचा बोटीचा प्रवास करून आले होते. लॅक्सोहून दुसऱ्या बोटीनं व्हाल्से बेटावर, सिम्बिस्टरच्या धक्क्याला उतरले आणि दुपारपर्यंत गडगे धुंडाळत चालले. रेडविंग या कस्तूरवर्गीय पक्ष्यांचे थवे तेवढे दिसले. तुमच्या बेटावर झाडं जवळजवळ नाहीतच, त्यामुळे दमलेला किडेखाऊ पक्षी कुणाच्या तरी परसात आसरा घेतो. आणि न विचारता कुणाच्या परसात शिरायचं नाही, हे आम्ही पक्षीनिरीक्षक कटाक्षानं पाळतो. मी फाटकाबाहेर घुटमळत होते.

तुम्हीच दार उघडून हाक मारलीत. सकाळपासून केलच्या, म्हणजे कोबीच्या जातीतल्या पालेभाजीच्या, वाफ्यात काहीतरी इवलंसं नाचतंय, म्हणालात. ते बुजू नये म्हणून धुतलेले कपडे टोपलीत तसेच ठेवले होतेत, वाळत घातले नव्हतेत! हे आठवलं की अजून भरून येतं.

तो तांबुला होता. तुमच्या पुस्तकातला रेड-ब्रेस्टेड फ्लायकॅचर. पहिल्याच वर्षाचं पोर, गळ्यावर लाली नाही. गडग्यावर बसायचा, खाली झेप घेऊन किडा टिपायचा, परत वर. दर वेळी शेपटी झटक्यात उभी करायचा, की काळ्या शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडचे पांढरे ठिपके लखकन दिसायचे. मग 'टिर्रर्र'. डोळे मिटून ऐकलं असतं तर मी राजापूरला आईच्या आंब्याखाली होते. पूर्व युरोप आणि रशियातली रानं सोडून हे पक्षी हिवाळ्याला आमच्याकडे येतात. हा पश्चिमेला भरकटला होता. जेमतेम दहा ग्रॅमचा जीव, समुद्र ओलांडून तुमच्या केलमध्ये!

हे तुम्हाला सांगताना माझा आवाज कापला. तुम्ही काही न बोलता चहाचा दुसरा कप ओतलात, खुर्ची खिडकीशी सरकवलीत आणि शेवटच्या बोटीआधी गाडीनं धक्क्यावर सोडलंत.

फोटो पोस्टानं पाठवलाय. पुढच्या ऑक्टोबरात येतेय, आईनं केलेला चिवडा घेऊन.

तुमची,
फाटकाबाहेरची मुलगी