अंदाजाने सांगितलेली तीन बोटं

मा. संपादक, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीतला श्रद्धेवरचा लेख मी दोनदा वाचला. मुद्दा थोडक्यात असा की जे दिसत नाही ते मानायचं म्हणजे डोळे झाकून चालायचं, आणि हे सगळ्या धर्मांना सारखंच लागू. बाकीच्यांचं मी बोलत नाही, पण मी मराठी ख्रिस्ती आहे, दौंडला राहते, शाळेत गणित शिकवलं म्हणजे पुरावा मागायची सवय मलाही आहे, तर आमच्या घरातलं सांगते.

आईला काचबिंदू होता. त्यात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायला रोज ड्रॉप्स घालायचे, एवढंच हातात असतं, आणि हे डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. तरी नात्यातल्या एकांनी आग्रह केला म्हणून तिला एका प्रार्थना मेळाव्याला नेलं, मोठा मंडप, कीबोर्ड, स्पीकर असे की छातीत धडधड. स्टेजवरच्या पाळकांनी डोक्यावर हात ठेवला, जोरजोरात प्रार्थना केली आणि बोटं धरून विचारलं, आजी किती? आई म्हणाली तीन. झालं, सगळा मंडप हालेलुया करत उठला. आणि त्याच माईकवरून पुढं असंही सांगितलं की आता गोळ्या-औषधं घेत बसाल तर विश्वास कमी पडला असं होईल.

येताना रिक्षात आई हळूच म्हणाली, अगं मला काही दिसलं नाही, बिचाऱ्याचा चेहरा पडू नये म्हणून अंदाजाने सांगितलं. आणि घरी आल्या आल्या, माझे ड्रॉप्स कुठंयत?

मला विचाराल तर त्या मंडपात विश्वास फक्त तिच्याकडे होता. बाकी सगळ्यांना बघायचं होतं, आत्ता, इथंच. जे बघितल्यावरच पटतं त्याला विश्वास कशाला लागतो? येशूचा शिष्य थोमा, त्याची गोष्ट ख्रिस्ती नसलेल्यांनाही थोडीफार माहीत असते, क्रुसावर मेलेला येशू परत उठलाय हे त्याच्या जखमेत बोट घालून बघितल्याशिवाय मानणार नाही म्हणाला तो. येशूने त्याला हाकलून दिलं नाही, ये बघ म्हणाला, पण न बघता विश्वास ठेवतात ते धन्य असंही तिथंच म्हणाला. आमचे स्टेजवाले पहिलं अर्धंच धरून बसलेत. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचार घेऊ न देणं हा गुन्हा आहे, तसं माईकवरून औषध बंद करायला सांगणाऱ्यांनाही कुणीतरी विचारायला हवं. इथपर्यंत तुमच्या लेखकाशी माझं भांडण नाही.

भांडण पुढं आहे. दौंडहून पुण्याकडे निघालं की केडगाव लागतं, ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, निराधार बायकामुलींचा आश्रम, तिथंच. शाळेच्या पुस्तकात रमाबाई म्हणजे विधवांसाठी शारदा सदन, 1889, एवढ्यावर संपतात. पण या बाईला डॉक्टर व्हायचं होतं, त्यासाठी इंग्लंडला गेल्या, कानाने कमी ऐकू यायचं म्हणून ते राहिलं. पुढं दुष्काळातल्या मुली गोळा करून आणल्या, आणि उतारवयात काय केलं तर हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणायला बसल्या, तेही साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत. वर्षानुवर्षं हेच काम, छापखाना मिशनचाच आणि तिथल्याच बायका छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या. 1921 ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, जिच्यावर पुढचं सगळं टाकायचं ठरलेलं. रमाबाई परत प्रुफं तपासायला बसल्या. एप्रिल 1922 मध्ये त्याही गेल्या, आणि पूर्ण छापलेलं बायबल आलं 1924 ला.

म्हणजे ज्याच्यासाठी एवढा जीव काढला ते पुस्तक त्यांनी हातात धरलंच नाही. ह्याला डोळे झाकून म्हणायचं? हिब्रूतला एकेक शब्द तासन् तास बघत बसणारी बाई डोळे झाकून बसली होती? बायबलमधल्या इब्री लोकांच्या पत्रात अशी माणसं सांगितलीयत, ज्यांना वचन मिळालं पण ते पुरं झालेलं बघायला मिळालं नाही, लांबूनच बघून सलाम केला आणि चालत राहिली. आम्ही विश्वास म्हणतो तो हा. ह्यात लॉटरी नाही, चमत्काराची गॅरंटी नाही, उलट कामच वाढतं.

आईची नजर शेवटी पूर्ण गेली. तरी रोज संध्याकाळी सातला खाटेवर बसून ती नावं घ्यायची, प्रार्थनेत, अकरा नावं, बोटांवर मोजून, एक बोट परत वापरायला लागायचं. त्यात शेजारच्या काकूंचा मुलगा होता, दहावी नापास झाल्यावर घरातून गेला तो गेलाच. मी एकदा वैतागून म्हणाले, आई इतकी वर्षं झाली, तू कुणाचं नाव घेतेस? ती म्हणाली, तो दिसत नाही म्हणून तर घेते, दिसला असता तर हाकच मारली असती ना.

आईला जाऊन चार वर्षं झाली. त्या मुलाचा अजून फोन नाही. काकू आमच्या चर्चला येत नाहीत, त्यांचं देवघर वेगळं, पण सातच्या सुमाराला दारात येऊन विचारतात, घेतलंस का गं नाव?

एक वाचक, दौंड