चि. वैशूस

अमळनेर, रविवार

चि. वैशाली हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू नीट बोलली नाहीस. स्की क्लबातल्या आजी गेल्या, एवढंच सांगितलंस. त्र्याण्णव वर्षांचं माणूस, मागच्या हिवाळ्यापर्यंत बर्फावर होतं, सोनं झालं, असं मी म्हणालो. ते तुला लागलं असेल. आप्पा गेले तेव्हा मलाही सगळे हेच सांगत होते आणि मला ते ऐकवत नव्हतं.

तू पाठवलेल्या व्हिडिओत मी त्यांना पाहिलंय. चालताना पाठीत वाकलेल्या, पण स्कीवर उभ्या राहिल्या की ताठ. कडाक्याची थंडी असली तर स्कीला कडक मेण लावायचं, बर्फ ओलसर असला तर मऊ, हे त्यांनी शिकवलेलं तू आईला समजावत होतीस. तुझा इतका खुललेला आवाज मी दहावीच्या निकालालाही ऐकला नव्हता. त्या जॅकरॅबिटला त्यांनी लहानपणी पाहिलं होतं ना? मी वहीत लिहून ठेवलंय. जॅकरॅबिट म्हणजे हर्मन स्मिथ-जोहान्सन, जन्म १८७५, नॉर्वेतलं होर्टेन. मृत्यू १९८७. १११ वर्षं! तुमच्या मॉन्ट्रियलजवळच्या लॉरेन्शियनच्या डोंगरांत स्कीच्या वाटा पाडणारा माणूस शंभरी उलटल्यावरही स्कीवर होता. चौकात मी सगळ्यांना सांगितलं, आमची वैशू त्याच डोंगरांत जाते.

पण आता त्या नाहीत, तर तू कोणाबरोबर जातेस?

डिसेंबरात मॉन्ट्रियलला सव्वाचारलाच सूर्य मावळतो, हे तूच सांगितलंस. घामाने कपडा भिजला आणि माणूस थांबलं की अंग गार पडत जातं, म्हणून सुती बनियन घालायचं नाही, हेही. जन्मभर कापूस पिकवला मी, आताही दुसरी वेचणी चालू आहे, आणि माझ्या पोरीच्या अंगाला तिथे सूत चालत नाही. आजी निघताना झोपडीतल्या वहीत नाव, वाट आणि परतायची वेळ लिहायच्या. तू लिहितेस का? मोबाईलची बॅटरी थंडीत बसते, तिच्यावर भिस्त ठेवू नकोस. जोडीला कोणी नसेल तर त्या दिवशी जाऊ नये.

पुन्हा उपदेश सुरू झाला माझा. माफ कर. तू तिशीची झालीस, कळतं मला.

आप्पा सत्तरीनंतरही चैत्रात पायी सप्तशृंगीला जायचे. डांबर पायाला चिकटायचं असं ऊन, आणि तरण्या पोरांना मागे टाकायचे. आखाड्यात तुला खांद्यावर बसवून बैठका मारायचे, तू त्यांचे कान धरून बसायचीस. आईला ते बघवायचं नाही. त्यांचीच जिद्द आली तुझ्यात, याचा मला अभिमान आहे. पण गडाच्या वाटेला आप्पा कधी एकटे लागले नाहीत. सोबत गल्लीतले दहाजण असायचे.

शनिवारी गेलीस तर घरी पोचल्यावर मेसेज टाक. आपल्याकडे रात्रीचा दीड वाजला असला तरी टाक.

आजींच्या लेकीला आमचा दोघांचा नमस्कार सांग. जगनमामा येतोय, त्याच्याबरोबर बिबड्या आणि कळण्याचं पीठ देतोय. त्यांच्या घरीही थोडं नेऊन दे.

तुझे,
नाना

ता. क. आजींची मेणाची पेटी त्यांची लेक तुला देते म्हणाली, ती घे. संकोच करू नकोस. आणि शनिवारी बरोबर कोण येणार, ते आईला तरी कळव.